काडतूस १८९९चं, परवाना आजचा

मंडळी, बंदुकांची हौस असलेली चार माणसं एकत्र आली की एक वाद हमखास निघतो. जुनं पिस्तूल चांगलं की नवं? जुन्याच्या बाजूचे म्हणतात, निळसर चकाकीचं पोलाद, अक्रोडाच्या लाकडाची मूठ, घोडा मागे ओढल्यावर येणारा तो 'खट्ट' आवाज, ही मजा प्लॅस्टिकच्या डब्यात कुठून येणार? नव्याच्या बाजूचे म्हणतात, मजा राहू द्या बाजूला. हे हलकं आहे, दर वेळी चालतं, सतरा गोळ्या बसतात, अजून काय पाहिजे? बुलेट भारी की पल्सर, या वादाइतकाच हा वाद न संपणारा आहे.

आपल्याकडे मात्र त्याला एक वेगळाच पीळ आहे. अमेरिकेत आणि युरोपात जुन्या-नव्याची सीमा कारखान्यात ठरली. भारतात ती कायद्याच्या परिशिष्टात ठरली. आज नांदेड किंवा लातूर जिल्ह्यातला एखादा परवानाधारक दुकानातून .३२ बोअरचं नवंकोरं पिस्तूल घेतो, तेव्हा पिस्तूल नवं असतं, पण त्याचं काडतूस १८९९ सालचं असतं. म्हणजे गोळी ताजी, पण तिचं माप, आकार, दारूचा अंदाज सगळं १८९९चं. त्याच काळातल्या, त्याच घराण्यातल्या पिस्तुलाने १९०९ साली नाशिकमध्ये इतिहास घडवला होता. हे असं कसं झालं ते आज बघू. आणि त्याच वाटेवर जुन्या-नव्या पिस्तुलांच्या स्वभावात खरा फरक कशाचा आहे तेही बघू. माझ्या मते तो फरक लाकूड आणि प्लॅस्टिकचा नाही. तो वेळेचा आहे.

तोड्याची बंदूक आणि माहूरची रायबागन

सुरुवात आपल्या भागापासून करू. गुरू गोविंदसिंग १७०८ साली नांदेडला निवर्तले. तिथल्या सचखंड हुजूर साहिब गुरुद्वाऱ्यात जपून ठेवलेल्या शस्त्रांमध्ये तलवारी, धनुष्यं, बाण आणि ढाल यांच्याबरोबर एक तोड्याची बंदूकही आहे. धनुष्य आणि बंदूक शेजारी शेजारी, हे त्या काळाचं अगदी खरं चित्र आहे. दोन्ही शस्त्रं तेव्हा एकाच वेळी वापरात होती, कारण बंदुकीने धनुष्याला पूर्ण हरवलेलं नव्हतं.

का हरवलं नव्हतं, ते तोड्याची बंदूक चालवायची रीत बघितली की कळतं. तोडा म्हणजे सोऱ्यात भिजवून वाळवलेली सुती वात, जी उदबत्तीसारखी धुमसत राहते. आता पायऱ्या मोजा. नळीत तोंडाकडून दारू ओता. गोळी टाका. गजाने ठासा. कानाजवळच्या वाटीत रंजक, म्हणजे बारीक दारू घाला. वात फुंकून निखारा जागा करा. नेम धरा. चाप ओढा. वात रंजकीवर टेकते, रंजक पेटते, आग कानातून आत जाते आणि मग बार उडतो. यातली एक पायरी चुकली की सगळं मुसळ केरात. पाऊस आला की संपलंच. सरावलेला बरकंदाज मिनिटाला एखाददुसरा बार काढायचा. आमच्या धंद्याच्या भाषेत सांगायचं तर हा सगळा कारभार मॅन्युअल होता, आणि प्रत्येक पायरीला वापरणाऱ्याची मंजुरी लागायची.

या वातीमुळेच आपल्याकडे पिस्तुलं फार रुजली नाहीत. पिस्तूल हे मुळात घोडेस्वाराचं हत्यार. एका हातात लगाम, दुसऱ्या हाताने खोगिराजवळून काढायचं आणि उडवायचं. पण जळती वात लावलेलं हत्यार खोगिराला अडकवून घोडा दौडवणार कसा? युरोपात सोळाव्या शतकात चाकाच्या घर्षणाने ठिणगी पाडणारी कळ निघाली आणि तेव्हा तिथे पिस्तुलाचं युग सुरू झालं. नंतर गारगोटीच्या ठिणगीवर चालणारी स्वस्त कळ आली. दख्खनचा घोडेस्वार मात्र भाला आणि तलवार यांच्यावरच विसंबून राहिला. आपल्या भाषेतसुद्धा 'पिस्तूल' आणि 'काडतूस' हे दोन्ही शब्द पोर्तुगिजांकडून आले. वस्तू ज्याने आणली, त्याच्याकडूनच नाव आलं.

शस्त्राला लागणारी ही तयारीची वेळ लढाईत किती महत्त्वाची असते, याचं एक उदाहरण थेट आमच्या माहूरशी जोडलेलं आहे. माहूरच्या देशमुख घराण्यातली सावित्रीबाई, जिला औरंगजेबाने 'रायबागन' हा किताब दिला, ती १६६१ साली कारतलबखानाच्या फौजेबरोबर कोकणात उतरत होती. २ फेब्रुवारीला उंबरखिंडीच्या अरुंद वाटेत शिवाजी महाराजांच्या माणसांनी या फौजेला दोन्ही बाजूंनी कोंडलं. वरून, झाडीतून बाण आणि गोळ्या यायला लागल्या. मोगलांकडे शस्त्रांची कमी नव्हती. कमी होती ती जागेची आणि वेळेची. शेवटी रायबागनने खानाला शरण जाण्याचा सल्ला दिला आणि खानाने तो ऐकला. तिच्या धोरणीपणाचं कौतुक करताना आपण तिची तलवार आठवतो, पण त्या दिवशी हजारो जीव वाचले ते तिने हत्यार न उचलण्याचा हिशोब वेळेत केला म्हणून.

सहाबारी येते

एकोणिसाव्या शतकात या पायऱ्या भराभर गळू लागल्या. आधी गारगोटीच्या जागी तांब्याची टोपी आली. घोडा टोपीवर आपटला की बार. ग्रामीण भागात ज्या भरमार बंदुका परवा-परवापर्यंत रानडुकरं हाकलायला घराघरांत असायच्या, त्यातल्या बऱ्याचशा या टोपीच्या जातीच्या. मग १८३६ साली सॅम्युअल कोल्टने फिरत्या सिलिंडरच्या रिव्हॉल्व्हरचं अमेरिकन पेटंट घेतलं. त्यानंतर पितळी काडतूस आलं, ज्यात गोळी, दारू आणि टोपी एकाच पुडीत. पायऱ्या सातावरून दोनवर आल्या: काडतुसं भरा, चाप ओढा.

हिंदुस्थानात इंग्रज अधिकाऱ्याच्या कमरेला जे रिव्हॉल्व्हर दिसायचं ते बहुधा वेब्ली. ब्रिटिश लष्कराने १८८७ साली ते स्वीकारलं. बोअर .४५५, म्हणजे साडेअकरा मिलिमीटरच्या आसपासची जाडजूड गोळी. मधून मोडणारी बांधणी, उघडलं की रिकामी पुंगळी आपोआप बाहेर. १९१५चं सहावं मॉडेल किलोभराच्या वर वजनाचं होतं.

जुन्या पिस्तुलांवर जीव टाकणाऱ्या लोकांना वेब्ली का आवडतं, ते समजू शकतं. त्यात काय चाललंय ते डोळ्यांना दिसतं. घोडा मागे आहे की पुढे, सिलिंडर कुठल्या घरावर आहे, सगळं उघडं. एखादं काडतूस फुसकं निघालं तर पुन्हा चाप ओढायचा, पुढचं काडतूस समोर येतं. आणि मुख्य म्हणजे घोडा आधी न ओढता नुसत्या चापावर उडवायचं तर पाच-सहा किलोचा जोर लावावा लागतो. तो जोर म्हणजे बोटाने मनाला विचारलेला प्रश्नच आहे: नक्की ना?

पण हे रिव्हॉल्व्हर हिंदी माणसाच्या हातात यायचं नाही, अशी व्यवस्था झाली होती. व्हाइसरॉय लॉर्ड लिटनच्या काळातला १८७८चा शस्त्रकायदा हा तो पहारेकरी. हिंदी माणसाला हत्यार बाळगायला परवाना हवा, युरोपियनाला मात्र सूट. म्हणजे शस्त्र कोणतं यापेक्षा हात कोणाचा, यावर कायदा ठरला. म्हणूनच २२ जून १८९७ च्या रात्री पुण्यात गणेशखिंडीच्या रस्त्यावर चाफेकर बंधूंनी रँडवर पिस्तूल चालवलं, तेव्हा सरकार हादरलं ते फक्त एका अधिकाऱ्यावरच्या हल्ल्याने नाही. 'यांच्याकडे हत्यार आलं कुठून' हा प्रश्न तितकाच मोठा होता. त्या रात्री बग्गीच्या मागून अगदी जवळ जाऊन बार टाकावा लागला, आणि मागच्या बग्गीतला आयर्स्ट हा लेफ्टनंटही मारला गेला. रँड ३ जुलैला वारला.

नाशिकचं ब्राउनिंग

आता या गोष्टीतला सगळ्यात महत्त्वाचा माणूस येतो. तो मराठी नाही, इंग्रज नाही. अमेरिकेतल्या युटा प्रांतातल्या ऑग्डेन गावचा बंदूककार जॉन मोझेस ब्राउनिंग. त्याने एक छोटं, चपटं, खिशात मावणारं पिस्तूल काढलं. बेल्जियममधल्या एफएन कारखान्याने १८९९ पासून ते बनवायला घेतलं आणि ते मॉडेल १९०० या नावाने ओळखलं गेलं. वजन सव्वासहाशे ग्रॅमच्या आसपास, मुठीतल्या मॅगझीनमध्ये सात गोळ्या. पहिली गोळी सुटली की तिच्याच धक्क्याने वरचा सरकता भाग मागे जातो, रिकामी पुंगळी फेकतो, येताना नवीन काडतूस आत ढकलतो आणि पुढच्या बारासाठी सज्ज होतो. वापरणाऱ्याने फक्त चाप ओढत राहायचं. नळीवर सरकणारा हा पोलादी भाग, ज्याला आपण स्लाइड म्हणतो, यशस्वीपणे बाजारात आणणारं हे पहिलं पिस्तूल. आजचं जवळपास प्रत्येक पिस्तूल त्याचंच नातवंड आहे.

या पिस्तुलासाठी ब्राउनिंगने काडतूसही नवं केलं. युरोपात त्याला ७.६५ मिमी ब्राउनिंग म्हणतात, अमेरिकेत आणि आपल्याकडे .३२. हे नाव लक्षात ठेवा.

१९०९ साली लंडनहून विनायक दामोदर सावरकरांनी वीस ब्राउनिंग पिस्तुलं हिंदुस्थानात पाठवली. इंडिया हाउसमधला आचारी चतुर्भुज अमीन याने ती पेटीच्या चोरकप्प्यातून मुंबईला आणली. त्याच वर्षी बाबाराव सावरकरांना जन्मठेप काळ्या पाण्याची शिक्षा झाली. त्यांच्यावरचा खटला पुढे पाठवणारा नाशिकचा कलेक्टर जॅक्सन क्रांतिकारकांच्या डोळ्यांवर आला. अनंत लक्ष्मण कान्हेरे हा सतरा-अठरा वर्षांचा पोरगा तेव्हा औरंगाबादला शिकत होता, म्हणजे आपल्या मराठवाड्यात, निजामाच्या राज्यात. २१ डिसेंबर १९०९ ला नाशिकच्या विजयानंद नाट्यगृहात जॅक्सनच्या निरोपासाठी 'संगीत शारदा'चा प्रयोग लागला होता. जॅक्सन नाट्यगृहात आला आणि कान्हेरेने त्याच्यावर एकामागून एक गोळ्या झाडल्या. जॅक्सन जागीच गेला. १९ एप्रिल १९१० ला कान्हेरे, कृष्णाजी कर्वे आणि विनायक देशपांडे यांना ठाण्याच्या तुरुंगात फाशी झाली. पिस्तुलं पाठवल्याचा धागा धरून सावरकरांना जानेवारी १९११ मध्ये दुसरी जन्मठेप झाली.

पुणे १८९७ आणि नाशिक १९०९. मध्ये फक्त बारा वर्षं. पण या बारा वर्षांत खिशातल्या हत्यारामध्ये एक पिढी उलटून गेली होती. शस्त्रबंदीच्या देशात मोठी बंदूक लपवता येत नव्हती. रिव्हॉल्व्हर जाडजूड, सिलिंडर अंगरख्यातून फुगलेला दिसायचा. चपटं ब्राउनिंग मात्र पुस्तकासारखं खिशात जायचं. साम्राज्याच्या कायद्याने हत्यार जितकं अवघड केलं, तितकं कारखान्याने ते छोटं केलं.

इथे एक गोष्ट सांगितलीच पाहिजे, कारण या कथेत ती बहुधा गळते. ए. एम. टी. जॅक्सन हा संस्कृतचा अभ्यासक होता, लोक त्याला 'पंडित जॅक्सन' म्हणत. कान्हेरेच्या बाजूने बघा नाहीतर जॅक्सनच्या, गोळी सुटायच्या आधीचा तो क्षण फार लहान होता. तोड्याच्या बंदुकीने अर्धं मिनिट मागितलं असतं. ब्राउनिंगने काहीच मागितलं नाही.

एकच काडतूस, वेगवेगळे हात

ब्राउनिंगचं डिझाइन अमेरिकेत कोल्ट कंपनीनेही घेतलं. १९०३चं कोल्ट पॉकेट पिस्तूल, घोडा आत लपलेला, काडतूस तेच .३२. १७ डिसेंबर १९२८ ला लाहोरात साँडर्सवर हल्ला झाला, त्यात भगतसिंगांकडे .३२चं कोल्ट होतं. सोबत पुण्याजवळच्या खेडचे शिवराम हरी राजगुरू होते, ज्यांच्या नावाने ते गाव आज राजगुरूनगर आहे. हे कोल्ट कितीतरी वर्षं इंदूरच्या सीमा सुरक्षा दलाच्या संग्रहालयात होतं, २०१७ साली ते पंजाबात हुसैनीवाल्याला गेलं. २७ फेब्रुवारी १९३१ ला अलाहाबादच्या बागेत चंद्रशेखर आझाद शेवटपर्यंत लढले तेही .३२ कोल्टनेच. ते पिस्तूल अलाहाबादच्या संग्रहालयात काचेमागे आहे.

आणि आपल्याकडे? मराठवाड्याने जुनं आणि नवं शस्त्र एकाच वेळी, एकाच गावात बघितलं ते १९४७-४८ मध्ये. माहूरच्या खाली पैनगंगा वाहते. तेव्हा अलीकडे निजामाचं राज्य, पलीकडे वऱ्हाड. यवतमाळ जिल्ह्यातल्या उमरखेडला स्वातंत्र्यसैनिकांचा सरहद्दीवरचा कॅम्प होता. एका बाजूला तलवार, भाला, भरमार. दुसऱ्या बाजूला सिडनी कॉटन नावाचा ऑस्ट्रेलियन वैमानिक कराचीहून रात्रीची विमानं आणून बीदरसारख्या ठिकाणी निजामासाठी आधुनिक हत्यारं उतरवत होता. रझाकारांचा म्होरक्या कासीम रझवी हा लातूरचा वकील. १७ सप्टेंबर १९४८ ला हे सगळं संपलं. पण ज्या गावांनी ते दिवस बघितले, त्यांच्यासाठी बंदूक कुठल्या सालची हा हौसेचा प्रश्न कधीच नव्हता. ती कोणाच्या हातात आहे, एवढाच होता.

कायद्याने गोठवलेलं घड्याळ

स्वातंत्र्यानंतर १८७८चा कायदा गेला आणि १९५९चा शस्त्र अधिनियम आला. तो १ ऑक्टोबर १९६२ पासून लागू झाला. हिंदी-युरोपियन भेद गेला, परवाना मात्र राहिला. आणि नियमांच्या परिशिष्टात एक साधी वाटणारी पण फार दूरगामी ओळ आली. लष्कराचं काडतूस ज्यात बसेल, ते हत्यार सामान्य नागरिकाला नाही. ब्रिटिशांकडून आलेलं .३८० आणि .४५५ रिव्हॉल्व्हरचं काडतूस, ९ मिलिमीटरचं पिस्तुलाचं काडतूस, .३०३ रायफलचं काडतूस, ही सगळी 'प्रोहिबिटेड बोअर'मध्ये गेली.

तर्क सरळ आहे. लष्कराच्या कोठारातून काडतुसं चोरीला गेली तरी ती बाहेरच्या बंदुकांत बसू नयेत. आमच्या धंद्यातली मंडळी हे लगेच ओळखतील. हा इंटरफेस मुद्दाम वेगळा ठेवण्याचा प्रकार आहे. आतल्या आणि बाहेरच्या सिस्टिमचा प्लगच जुळू द्यायचा नाही.

पण याचा परिणाम काय झाला? पिस्तुलाच्या दुनियेत विसाव्या शतकातली खरी प्रगती झाली ती ९ मिलिमीटरच्या भोवती. नागरिकाच्या वाट्याला उरलं .३२. रिव्हॉल्व्हरसाठीचं .३२ काडतूस १८९६चं, पिस्तुलासाठीचं १८९९चं. दोन्ही एकोणिसाव्या शतकातली. त्यात १९८०च्या दशकात परदेशी हत्यारांची खासगी आयात जवळपास बंद झाली. मग सरकारी कारखान्यांनी .३२ बनवायला घेतलं. कानपूरच्या स्मॉल आर्म्स फॅक्टरीचं .३२ रिव्हॉल्व्हर वेब्लीच्या बांधणीचं. इशापूरच्या रायफल फॅक्टरीचं .३२ पिस्तूल 'अशनी', त्याची ठेवण जुन्या ब्राउनिंगच्या घराण्यातली. काडतुसांवर 'केएफ' अशी खूण दिसते, ती आपल्या पुण्याजवळच्या खडकीच्या कारखान्याची, जो १८६९ पासून चालू आहे.

२०१४ साली कानपूरने महिलांसाठी म्हणून हलकं 'निर्भीक' काढलं. २०२३ साली 'प्रबल' आलं, त्यात सिलिंडर बाजूला उघडण्याची सोय ही नवलाई म्हणून सांगितली गेली. कोल्टने ही सोय बाजारात आणली त्याला तेव्हा १३४ वर्षं झाली होती, १८८९ साली. ही थट्टा नाही. कारखान्यातल्या अभियंत्यांना दोष देण्यात अर्थ नाही, त्यांना दिलेलं रिक्वायरमेंट डॉक्युमेंटच तसं आहे. जुन्या प्रोटोकॉलवर नवी मशीन चालवायची म्हटलं की असंच होतं.

गंमत म्हणजे यामुळे आपल्याकडे 'क्लासिक' या शब्दाचा अर्थच बदलला. परदेशात जुनं वॉल्थर किंवा कोल्ट संग्राहक हौसेने घेतात. इथे परवानाधारक ते वापरायला घेतात, आयात बंद झाल्यामुळे नव्या देशी पिस्तुलाच्या कितीतरी पट पैसे मोजून. जुनं हत्यार इथे म्हातारं झालंच नाही, कारण कायद्याने घड्याळच थांबवलं.

आणि नवं म्हणजे काय?

घड्याळ थांबलं ते फक्त नागरिकाचं. लष्कर-पोलिसांकडे ते पुढे गेलं. ब्राउनिंगने शेवटचं जे पिस्तूल आखायला घेतलं, ते तो १९२६ साली वारल्यावर एफएनच्या दियुदोने सेवने पूर्ण केलं. १९३५चं हाय-पॉवर, ९ मिमी, तेरा गोळ्या. इशापूरचं 'पिस्तूल ऑटो ९ एमएम १ए' ही त्याचीच भारतीय आवृत्ती. आपल्या कितीतरी फौजदारांच्या कमरेला ती दिसते.

त्यानंतरची मोठी उडी ऑस्ट्रियातून आली. गॅस्टन ग्लॉक हा पडद्याचे गज, चाकू वगैरे बनवणारा कारखानदार. त्याने आधी एकही बंदूक बनवलेली नव्हती. ऑस्ट्रियन लष्कराला नवीन पिस्तूल पाहिजे होतं. ग्लॉकने जाणकारांना गोळा केलं, तुम्हाला काय हवंय ते विचारलं आणि कोऱ्या कागदावर सुरुवात केली. १९८२ साली ऑस्ट्रियन लष्कराने ग्लॉक १७ घेतलं. सांगाडा पॉलिमरचा, म्हणजे उच्च दर्जाच्या प्लॅस्टिकचा. प्लॅस्टिकचा सांगाडा वापरणारा तो पहिला नव्हता, जर्मनीच्या हेकलर अँड कॉखने १९७० साली तो करून बघितला होता. पण ग्लॉकने तो जगभर पोचवला. एकूण ३४ भाग. मॅगझीन वगळता वजन सव्वासहाशे ग्रॅमच्या घरात, म्हणजे १८९९च्या त्या छोट्या ब्राउनिंगइतकंच. पण गोळ्या सातच्या जागी सतरा, आणि प्रत्येक गोळीची ताकद .३२च्या साधारण अडीच पट. आपल्याकडे एनएसजीच्या कमांडोंकडे ग्लॉक असतं.

ग्लॉकला बाहेर घोडा नाही. बाजूला खटक्याची सेफ्टी नाही. सेफ्टी चापावरच बसवलेली. बोट ठेवलं की सेफ्टी निघाली, अडीच किलोच्या आसपासचा जोर लावला की बार. एका अभियंत्याच्या नजरेने बघितलं तर हे अप्रतिम आहे. कमी भाग, कमी बिघाड, शिकायला सोपं, घाबरलेल्या माणसालाही चुकायला जागा कमी. खरं तर चांगल्या सॉफ्टवेअरचं वर्णन आपण याच शब्दांत करतो. वापरणारा आणि त्याचा हेतू यांच्यामध्ये येणारा प्रत्येक अडथळा काढून टाका.

फक्त इथे हेतू कसला आहे, हा प्रश्न उरतो.

वेळ कोण देतं

तोडा, टोपी, सहाबारी, ब्राउनिंग, ग्लॉक. साडेतीनशे वर्षांच्या या रांगेत प्रत्येक पायरीवर एकच गोष्ट कमी होत गेली. मनात आलं आणि गोळी सुटली, यांच्यामधलं अंतर. सैनिकासाठी, पोलिसासाठी हे वरदान आहे. समोरून एके-४७ चालत असताना वात फुंकत बसायला कुणाला वेळ आहे? पण शेताच्या बांधावरच्या भांडणात, वरातीत, निवडणुकीच्या रात्री हेच अंतर माणसाला वाचवत असतं.

आपल्या मराठवाड्यात कमरेचं रिव्हॉल्व्हर हे संरक्षणापेक्षा वजनासाठी जास्त मिरवलं जातं, हे आपण सगळे जाणतो. डिसेंबर २०२४ मध्ये मस्साजोगच्या सरपंचांची हत्या झाली. ती बंदुकीने झाली नव्हती. पण त्यानंतर बीड जिल्ह्यातले हजारावर शस्त्रपरवाने चर्चेत आले आणि प्रशासनाने त्यातले बरेच रद्द केले. २०१९च्या दुरुस्तीने एका माणसाला तीनऐवजी दोनच हत्यारं ठेवता येतात, आणि लग्नात-मिरवणुकीत हवेत गोळ्या झाडणं हा वेगळा गुन्हा झाला. निवडणूक आली की परवान्याची हत्यारं ठाण्यात जमा करायला लावतात, हेही आपल्याला सवयीचं आहे. या सगळ्या तरतुदी नीट बघितल्या तर त्या एकच काम करतात. पिस्तुलाच्या डिझाइनने काढून घेतलेला वेळ त्या कागदाने परत देतात.

आधुनिक पिस्तुलाचं एक रूप मला मनापासून आवडतं, ते म्हणजे खेळातलं. कोल्हापूरच्या राही सरनोबतने २५ मीटर पिस्तुलात २०१३ साली चँगवॉनच्या विश्वचषकात आणि २०१८ साली जकार्ता-पालेमबांगच्या आशियाई स्पर्धेत सुवर्ण मिळवलं. या प्रकारात वापरतात ते .२२चं काडतूस १८८७ सालचं, म्हणजे आपल्या .३२ पेक्षाही जुनं! पिस्तूल मात्र अत्याधुनिक, मूठ हाताच्या मापाने घडवलेली. जलद फेरीत लक्ष्य तीन सेकंद दिसतं आणि सात सेकंद दिसत नाही. त्या सात सेकंदांत हात खाली ठेवायचा, श्वास सांभाळायचा, वाट बघायची. जुनं काडतूस, नवं पिस्तूल, आणि मध्ये नियमाने बांधून दिलेला वेळ.

तर मग जुनं चांगलं की नवं? कारागिरी म्हणाल तर जुन्याला तोड नाही. काम म्हणाल तर नवंच. पण आकर्षणाचं म्हणाल तर एक गोष्ट लक्षात घ्या. जुन्या पिस्तुलाकडे आपण निवांत बघू शकतो, कारण त्याचं काम संपलेलं आहे. अलाहाबादच्या काचेमागचं कोल्ट आता कुणावर चालणार नाही, म्हणून त्याच्या रेषा सुंदर दिसतात. १९३१ साली त्या बागेत उभं असलेल्या कुणालाही त्या रेषा दिसल्या नसतील.

आमच्याकडे दसऱ्याला शस्त्रं पुजतात. हळद-कुंकू लावतात, आपट्याचं पान ठेवतात, हात जोडतात आणि दुसऱ्या दिवशी ती परत वर ठेवून देतात. यातलं परत वर ठेवून देणं हा पूजेचा सगळ्यात महत्त्वाचा विधी आहे, असं आता वाटायला लागलंय. असो. पुढच्या वीकांताला भेटूच.